होड्यांना घरी आणणारं गाणं

दूर प्रशांत महासागरात एक बेट होतं आणि त्या बेटावर एक म्हातारी राहत होती. तिचा गळा मोठा खणखणीत. बेटाभोवती पोवळ्याच्या धारदार खडकांचं कडं होतं आणि त्यातून आत यायला वाट एकच. समुद्रावर ढग उतरले की कोळ्यांना ती वाट दिसायची नाही. मग म्हातारी वाटेजवळच्या खडकावर उभी राहून एक गाणं म्हणायची आणि कोळी तिच्या आवाजाच्या रोखाने होड्या वल्हवत सुखरूप आत यायचे. तिच्या आधी तिची आई म्हणायची, आईच्या आधी आजी. त्या खडकाखेरीज ते गाणं कुठेही म्हणायचं नाही, बाळाला निजवताना गुणगुणायचंसुद्धा नाही, असा बेटाचा दंडक होता.

त्याच बेटावर एक गवई होता. गिटार वाजवायचा, आपली गाणी आपणच रचायचा. लग्नात त्याची गाणी सुरू झाली की म्हातारीही हौसेने नाचून घ्यायची. पुढे बेटाच्याच पलीकडच्या किनाऱ्यावर मोठं हॉटेल झालं आणि गवई तिथे रोज गाऊ लागला. पाहुण्यांना बेटाचं काहीतरी जुनं ऐकायचं होतं. गवयाने बिनदिक्कत ते गाणं उचललं, त्याला नाचाचा ठेका लावला आणि कर्ण्यातून म्हणू लागला. पाहुणे बेहद्द खूश झाले.

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक बेटाच्या मुखियाकडे गेली. गवईही तिथेच बसला होता. मुखियाने हसून सांगितलं की म्हटल्याने गाणं काही झिजत नाही, उलट बेटाचं नाव होतंय. गवई म्हणाला, जुनं जपायचं तर ते लोकांपुढे आणायलाच हवं. हे ऐकून तर ती आणखीच भडकली. उचलून न्यायचं आणि वर जपण्याच्या गोष्टी सांगायच्या, याला काय म्हणावं?

"पोरा, तुझी स्वतःची गाणी आहेत ना? ती गा की. मी स्वतः नाचते त्यांच्यावर," ती म्हणाली. "हे गाणं नाचायचं नाही. याच्यावर माणसं जगतात."

दोघांनी तिच्यापुढे मान डोलावली आणि पुढे केलं आपल्या मनासारखंच.

एके दुपारी ढग उतरले. अकरा होड्या बाहेर होत्या. एकीवर म्हातारीचा मुलगा होता. दुसरीवर गवयाचा बाप, बेटावरचा सगळ्यात जाणता नावाडी. म्हातारी खडकावर जाऊन गाऊ लागली, तोच पलीकडून कर्ण्यातून तेच गाणं सुरू झालं. एका म्हातारीचा गळा कर्ण्यापुढे किती पुरणार? तिने सुनेला हॉटेलाकडे पिटाळलं.

सून धापा टाकत गवयाजवळ पोचली. "थांबवा ते," ती म्हणाली. "होड्या बाहेर आहेत."

पाहुणे रंगात आले होते, टाळ्यांनी ठेका धरून होते. गवयाने समुद्राकडे पाहिलं. समोर नुसतं पांढरं होतं.

"एवढं कडवं होऊ दे," तो म्हणाला. कडवं झालं. पाहुण्यांनी आणखी एक मागितलं, तर त्याने तेही म्हटलं.

म्हातारीच्या जवळपास असलेल्या नऊ होड्या आत आल्या. दोन होड्या कर्ण्याच्या आवाजाकडे वळल्या आणि लाटांनी त्या खडकांवर आपटून फोडल्या. म्हातारीचा मुलगा ठेचलेल्या पायाने पोहत किनाऱ्याला लागला. गवयाचा बाप लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं बेट जमलं. मुखिया डोळे पुसत म्हणाला की समुद्र कोपला, त्याच्यापुढे कोणाचं काय चालणार? लोकांनीही माना हलवल्या. तेव्हा म्हातारी उठून उभी राहिली.

"समुद्राचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "समुद्र रोज असतो तसाच होता. त्या नावाड्याचीही काही चूक नाही. जन्मभर ज्या गाण्यावर विश्वास ठेवला, त्याच गाण्यामागे तो गेला. ते गाणं खोटं केलंत तुम्ही."

गवई मान खाली घालून रडत होता. म्हातारीला त्याची दया आली, पण तिचा राग गेला नाही आणि तो जावा असंही तिला वाटलं नाही.

कर्णा त्याच दिवशी उतरवला. तरीही पुढे कधी ढग उतरले आणि म्हातारी खडकावरून गाऊ लागली, की समुद्रातले कोळी वल्ही थांबवून एकमेकांना विचारत, "हा आवाज खडकावरचाच ना?"

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर इतरांचा जीव आहे, ते आपल्याला टाळ्या मिळाव्यात म्हणून वापरू नये. मोडलेला भरवसा नुसत्या पश्चात्तापाने परत जोडला जात नाही.