ओढा नितळ होईना

डोंगराखाली एक ओढा होता. ओढ्यात एवढीशी खेकडी राहायची.

एके सकाळी पाणी निळं झालं. खेकडीचे डोळे चुरचुरले. मासे उलटे तरंगले. तिनं हाका मारल्या, तरी कुणी ओ देईना.

ओढा म्हणाला, नळीनं रंग थांबवला तर मी नितळ होईन.

खेकडी निघाली. तुरु तुरु, तिरकी तिरकी.

"नळी नळी, रंग थांबव ना. ओढा नितळ होईना."

नळी होती कापड रंगवायच्या कारखान्याची. ती म्हणाली, गाळणी फिरली तर थांबवेन.

तुरु तुरु, तिरकी तिरकी.

"गाळणी गाळणी, फिर ना. नळी थांबवेना, ओढा नितळ होईना."

गाळणी म्हणाली, साहेबांनी कळ दाबली तर फिरेन.

तुरु तुरु, तिरकी तिरकी.

"साहेब साहेब, कळ दाबा ना. गाळणी फिरेना, नळी थांबवेना, ओढा नितळ होईना."

साहेब म्हणाले, गाळणी फिरली की कापड उशिरा निघतं. कारखाना काही माझा नाही. मालक हो म्हणाले तर दाबेन.

मालक लांब शहरात. खेकडी कापडाच्या ट्रकवर चढली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

मालक एक नव्हता, पुष्कळ होते. मोठ्या टेबलाभोवती बसले होते.

"मालक मालक, हो म्हणा ना. साहेब दाबेनात, गाळणी फिरेना, नळी थांबवेना, ओढा नितळ होईना."

एक म्हणाला, हे हो म्हणाले तर मी म्हणेन. हे म्हणाले, ते म्हणाले तर मी म्हणेन. ते म्हणाले, कुठला ओढा?

ओढा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

आता कुणाकडे जायचं? खेकडी टेबलाखाली बसली. मुसु मुसु, मुसु मुसु.

टेबलाच्या टोकाला गावाहून आलेली गोदाक्का होती. कारखान्याला तिनं जमीन दिली होती, म्हणून तीही थोडी मालकीण. आजवर ती गप्पच बसायची. तिनं खाली वाकून खेकडीला पदरात घेतलं.

"ओढा माझ्या दारातला आहे," गोदाक्का म्हणाली. "माझ्या शेळ्या तेच पाणी पितात. मी म्हणते, हो."

मग एक हळूच हो म्हणाला. मग दुसरा. मग सगळेच.

मालक हो म्हणाले, साहेबांनी कळ दाबली. गाळणी फिरली, गर गर गर. नळीनं रंग थांबवला. ओढा हळूहळू, हळूहळू नितळ झाला.

गोदाक्कानं खेकडीला पाण्यात सोडलं. तळातली वाळू दिसत होती. मासे मात्र नव्हते. एकही नव्हता.

खेकडी वाळूत बसली. पोटभर रडली.

मग पोटभर पाणी प्याली.