सुनेचा चढ

“दिसायला बरी आहे, पण हिच्या हाताला बैल भीक घालायचे नाहीत.”

धोंडेवाडीचा हा उभा चढ चढून पाहुणे दम खायला टेकले, की भिवाआप्पा गोष्ट इथूनच सुरू करतात. फार मागे येसू नावाची सून लग्न होऊन गावात आली. तेव्हा तिची सासू चुलीपाशी बसून शेजारणीला हे बोलली, आणि कणगीआड उभ्या असलेल्या सुनेने ते ऐकलं, असं सांगतात.

येसू बोलायची कमी, बघायची जास्त. सासरची माणसं बैलांना लाडाने हाका मारतात आणि त्याच दमात पराणी टोचतात, हे तिने आठ दिवसांत टिपलं होतं. पराणी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. तिला ते रुचलं नव्हतं. पण चांगली सून तर म्हणवून घ्यायचं होतं.

सासूचं ते बोलणं ऐकलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी धान्याची गाडी चढाला लागली. म्हातारा कवड्या बैल निम्म्यातच थांबला. मागून घरची पोरं येत होती, सासू बघत होती. येसूने पुढे होऊन पराणी उचलली आणि टोचली. एकदा नाही, पार वर पोचेपर्यंत. सासू म्हणाली, “आता शोभलीस.” त्या शब्दाने येसूला म्हणे बरं वाटलं. बरं वाटलं, हेच ती पुढे जन्मभर विसरली नाही.

संध्याकाळी पोरं अंगणात गाडी-गाडी खेळत होती. चार वर्षांची पुतणी सोनाई कवड्या झाली होती. मागच्या पोरांच्या हातात बाभळीचे काटे होते. ती रडायला लागली, तर पोरं म्हणाली, “वर पोचेपर्यंत रडायचं नाही.” तिच्या पाठीवर रक्ताचे ठिपके आले होते.

सासऱ्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि चिंचेचा फोक उगारला. “असलं कुणी शिकवलं?” एकही पोर तोंड उघडेना. येसूकडे तर कुणी बघेसुद्धा ना. काकीचं नाव सांगायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. तिला ते सोसवेना. फोक पडायच्या आत ती पुढे झाली.

आजही धोंडेवाडीत पराणीला खिळा नसतो. पोळ्याला बैल या चढापाशी आणतात. लेकरं मोठ्यांना सासऱ्यांचा तोच प्रश्न विचारतात, आणि मोठी माणसं मान खाली घालून, येसूने त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत दिलेलं उत्तर देतात:

“मी शिकवलं.”