मडक्यातला पैलवान

"नवा महाल बांधायचा तो इथंच!" रणधवल राजानं सटवाजीच्या काळ्याभोर शेतात काठी रोवली.

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. कपाशीचं एवढं एकच रान! पण त्याची लेक गजरा पुढं झाली. "महाराज, ही काळी माती. हिच्यावर बांधलेलं घर ही हलवते!"

"माती म्हणजे माती! काळी काय नि तांबडी काय!" राजा गरजला. "माझा महाल चाळीस हत्तींच्या वजनाचा. त्याला हलवणारा पैलवान तुझ्या रानात असेल, तर उद्या दरबारात आण. नाही आणलास, तर शेतासकट गावही सोडायचं!"

गजरानं टोपली उचलली. ओढ्यातली वाळू, माळावरचा मुरूम आणि शेतातली ढेकळं आणली. सगळं उन्हात खडखडीत वाळवलं, कुटलं आणि तीन मडक्यांत वेगवेगळं गच्च ठासून भरलं.

दुसऱ्या दिवशी ती तीन मडकी घेऊन दरबारात हजर!

"पैलवान कुठाय?" राजानं विचारलं.

"हा काय, मडक्यात! तहानलाय, म्हणून गप्प आहे."

दरबार खो खो हसला. गजरानं तिन्ही मडक्यांत पाणी ओतलं, वर झाकणी आणि झाकणीवर एकेक नारळ ठेवला.

वाळू पाणी पिऊन स्वस्थ. मुरूमही स्वस्थ. काळी मातीसुद्धा स्वस्थच!

"पैलवान झोपला वाटतं!" प्रधानजींनी जांभई दिली. पण गजरा झाकणीच्या कडेनं तांब्यातांब्यानं पाणी घालतच राहिली.

इतक्यात तिसरी झाकणी उचलली गेली. नारळ कलला, गडगडला, आणि कडाक्! मडकं उभं चिरलं!

राजा ताडकन उठला. "कुणी फोडलं?"

"मातीनं! पावसाळ्यात ती अशी फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते. मडकंभर मातीनं मडकं फोडलं. रानभर मातीपुढं चाळीस हत्तींचं काय चालणार?"

"मग तुम्ही हिच्यावर राहता कसे?"

"राहत नाही, महाराज, पेरतो! राहतो मुरमाच्या माळावर. तो पिकाला कंजूष, पण पायाला इमानी!"

राजा पोट धरून हसला. "आमचे चाळीस हत्ती एका पोरीनं लोळवले!"

सटवाजीचं शेत त्याच्याकडंच राहिलं, वर त्याला खिलारी बैलांची जोडी मिळाली. आणि माळावर महालाचा पाया जिथं खणायचा, तिथली पहिली कुदळ राजानं गजराच्या हाती दिली.