डोमाचा वाटा

घ्या गं अंगावर गोधडी. चंपे, पाय मारायचे नाहीत, आधीच सांगते.

एकदा काय झालं, एक होतं तळं. अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. दोन्हीकडे ढिवरांची घरं, मासे धरणारी माणसं ती. पाण्यात दाट गवत होतं. त्यात जाळी अडकायची, फाटायची. मग एका वर्षी या शहाण्यांनी काय केलं? सगळं गवत उपटून टाकलं! तळं कसं घासलेल्या परातीसारखं लख्ख झालं. पण माशांनी अंडी घालायची कुठे? पिलांनी लपायचं कुठे? मासे संपत चालले, बरं का. मग उरलेसुरले धरायला दोन्ही गावं एकमेकांच्या आधी धावायची.

तिथल्या पंचफुलाचा नवरा डोमा दूरच्या नदीवर कामाला गेला. जाताना म्हणाला, "तळ्यात मासे आले की मी वापस येतो." पंचफुला रोज संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायची. फार आठवण यायची तिला त्याची. फार.

एकदा काय, पाण्यातून एक म्हातारी मरळ मासोळी वर आली आणि चक्क बोलली. "बाई, माझीही पिलं जगत नाहीत गं. आमचं घर उपटलं तुम्ही."

मग पंचफुला गेली राजाकडे. राजाने हंडे भरून माशांची पिलं पाठवली. ती बगळ्यांनी मटकावली. पंचफुला पुन्हा गेली. राजाने पहारेकरी पाठवले. ते झाडाखाली घोरत पडले, तुमच्या आजोबांसारखे. तिसऱ्यांदा गेली तेव्हा म्हणाली, "महाराज, आम्ही गवत लावतो. पण तोवर आमची लेकरं खातील काय?"

मग राजाने खजिना उघडला. खजिना काय त्याच्या बापाचा होता? तुमच्याआमच्या धानातूनच भरलेला तो. राजा म्हणाला, "गवत लावणाऱ्याला रोजी मी देतो. तळं मात्र दोन्ही गावांनी मिळून सांभाळायचं. भांडाल तर रोजी दोघांचीही बंद."

मग दोन्ही गावं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. गवत लावलं. पाळीवर बसून ठरवलं, पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा कोणीच जाळं टाकायचं नाही. पहारा आळीपाळीने.

गवत वाढलं. पावसाळा आला, आणि ती मरळ लालचुटुक पिलांचा घोळका घेऊन फिरू लागली. तेव्हाच डोमाच्या नदीकडे निघालेला एक वाटसरू म्हणाला, "बाई, एक मासा दे. डोमाला दाखवतो. मासे आले, हे नुसतं सांगून नाही पटायचं त्याला."

पंचफुलाने जाळं उचललं. मरळ अगदी पायाशी! कोण बघणार होतं? पण आई गेली तर त्या पिलांनी कोणामागे फिरायचं? तिने जाळं खाली ठेवलं आणि हमसून हमसून रडली. वाटसरू रिकाम्या हाताने गेला.

मग काय झालं, पिलं मोठी झाली, तळं भरून सांडव्यावरून वाहू लागलं. ती मरळ सांडव्यातून ओढ्यात गेली, ओढ्यातून नदीत, आणि डोमाच्या नावेपुढे उडाली. तिथे ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं.

पाऊस सरला. दोन्ही गावांनी मिळून पहिलं जाळं ओढलं. पाळीवर माशांचे सारखे वाटे घातले. जो परगावी असेल त्याचाही वाटा घालायची तिथली रीत होती. सगळ्यांनी आपापले उचलले. डोमाचा तसाच पडून राहिला. पंचफुलाला बघवेना. ती म्हणाली, "राहू द्या तो, कोण्या भुकेल्याले."

"भुकेलाच आलो ना," मागून आवाज आला. "माझा वाटा मले द्या."

मग दोन्ही गावं सुखात राहिली. चंपे, रडतेस काय? तुझा बाबाही येईल गं कामावरून. त्याची भाकर मी रोज झाकून ठेवते ना. झोप आता.