तापलेल्या वाळूतल्या दोन वाट्या

एक वृद्ध मेकॅनिक घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवीत असे. एकदा त्याच्या शिष्याने स्वस्त मिळाले म्हणून इंजिन ऑइलचा सुटा डबा आणला. वृद्धाने शेगडीवर तव्यात वाळू तापवली आणि तीत दोन वाट्या रोवल्या. एकीत नेहमीचे तेल, दुसरीत नवे; दोन्ही तोलून सारखे.

"वस्ताद, भजी तळायची का?" शिष्याने विचारले.

"बस. बघत राहा."

"बोटांत चोळून पाहिलंय मी. तेल मोजायच्या काडीवरही वरच्या खुणेला येतं."

हळूहळू नव्या तेलातून निळसर धूर निघू लागला. सकाळीच शिष्याने हे तेल एका जीपमध्ये घातले होते. त्याच जीपने त्याचे वडील घाटापलीकडे डायलिसिसला निघाले होते. सांगितले तर वस्ताद हाकलतील, या भयाने तो तोंड मिटून बसला. वाटीतले तेल खाली खाली जात होते.

तासाभराने वृद्धाने पुन्हा वजन केले. नेहमीचे किंचित घटले होते. नव्याचा पाव हिस्सा उडाला होता आणि उरलेले काकवीसारखे झाले होते.

"थंड असताना सगळीच तेलं गुणाची," वृद्ध म्हणाला. "चढणीला इंजिन तापलं, की यातला हलका भाग वाफ होऊन उडतो. तेल घटतं, उरलेलं दाट होतं, हवं तिथं पोचत नाही. मग लोखंड लोखंडाला धरतं आणि गाडी भर वळणावर अडकते."

"वस्ताद, सकाळी जीपमध्ये हेच घातलं. बाबा आहेत तीत."

वृद्ध ताडकन उठला. "मग तासभर इथं काय बघत बसलास?"

शिष्याने जीपच्या ड्रायव्हरला फोन लावला; दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा ड्रायव्हरने उचलला. "अरे, गाडी धूर सोडतेय म्हणून आत्ताच थांबलो. तेल काडीच्या खालच्या खुणेलाही नाही लागत. तूच म्हणालास ना, भरलंय?"

"गाडी काढू नका दादा. माझं चुकलं. दुसरी गाडी आणि चांगलं तेल घेऊन येतो."

वृद्धाने आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

आपली चूक कुणाला घेऊन चढणीला लागली असेल, तर लाजायलाही वेळ नसतो.