जान्याची सोंगं

किती वर्षं झाली ते विचारू नका, विचारलं की म्हातारे भांडतात. फार वर्षांपूर्वी म्हणा आणि ऐका. जव्हारच्या पलीकडच्या डोंगरात हेदपाडा नावाचं गाव होतं. तिथे जान्या राहायचा. तो सोंगं घडवायचा. चैत्रात देवीपुढे बोहाडा होतो, त्यात तोंडावर बांधून नाचतात त्या लाकडी मुखवट्यांना सोंगं म्हणतात.

जान्याच्या हातचं सोंग बघून माणसं दोन पावलं मागे सरायची. त्याचा वाघ अंगणात ठेवला की शेळ्या दावं तोडून पळत, असं म्हणतात. एका सोंगाला घाम फुटायचा, असंही म्हणतात. मी तो घाम पुसलेला नाही, त्यामुळे शपथ घेणार नाही.

या जान्याला आवाज ऐकू यायचे. शेजारी कोणी नसताना माणसं त्याच्याशी बोलायची, शिव्या द्यायची, हुकूम सोडायची. तो त्यांना उत्तरं द्यायचा. गावात एकमत होतं की हे देवीचे आवाज आहेत आणि तेच त्याच्याकडून सोंगं घडवून घेतात. अशा बाबतीत गावाचं एकमत लवकर होतं.

घरात त्याची मोठी बहीण बुधी होती. ती सकाळी विचारायची, "काय म्हणतात रं आज?"

"म्हणतात, पाणी पिऊ नको. इख हाय त्यात."

"बरं. मी पिते आधी, मंग तू पी."

ती प्यायची, मग तोही प्यायचा. आवाज खोटे आहेत असं ती कधी म्हणाली नाही आणि खरे आहेत असंही म्हणाली नाही. ओढ्यावर नेऊन त्याला अंघोळ घालायची, नाचणीची भाकरी हातात द्यायची आणि मग लाकूड कोरायची पटाशी पुढ्यात ठेवायची. ज्या दिवशी त्याचं डोकं फार गजबजलेलं असे, त्या दिवशी ती पटाशी लपवून त्याला मोहाची फुलं वेचायला न्यायची. असे दिवस पुष्कळ असत. गावाला मात्र फक्त सोंगं दिसायची.

एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. गावाने देवीला मोठा बोहाडा कबूल केला, सगळी सोंगं नवी हवी होती. गावच्या कारभाऱ्याने डोकं चालवलं. बहीण सारखी मध्ये येते म्हणून आवाज अडतात, असं त्याला वाटलं. त्याने जान्याला देवीच्या मांडवामागच्या खोपीत लाकडांसह ठेवलं, उपास धरायला लावला आणि दाराबाहेर ढोल वाजता ठेवला, म्हणजे त्याला झोप लागू नये. बुधी दाराशी रडली, भांडली. बायांनीच तिला धरून परत नेलं. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं, आणि तेच मला जास्त डाचतं.

आतून पटाशीचा आवाज अखंड येत होता. गाव खूश होतं. मग एका सकाळी तो थांबला.

दार उघडलं, तर खोपीत एकही सोंग नव्हतं. सगळ्या लाकडांचा भुसा झाला होता. जान्या त्या ढिगात बसला होता, बोटं रक्ताळलेली होती आणि तो बुधीला ओळखत नव्हता. तिने हात पुढे केला तसा तो भिंतीत शिरायला बघू लागला.

बुधी जवळ गेली नाही. ती दारातच बसली, आणि उन्हं कलल्यावर तो तिच्यामागून घरी चालत गेला.

कारभारी अंगणात आला. "बुधे, चैत्र सरत आला. देवीला काय सांगू?"

"सांग, माझा भाऊ जेवतोय. त्याचं झालं की बघू."

कारभारी आला तसा परत गेला. गाव थांबलं. त्या वर्षी चैत्रच लांबला, असं म्हणतात. पळसाची फुलं झडली नाहीत, चंद्र आकाशात अर्धाच राहून गेला. जान्या आधी पाणी प्यायला, मग झोपू लागला, मग एका सकाळी त्याने बुधीला नावाने हाक मारली. ती ओढ्यावर जाऊन मोठ्याने रडली.

त्याने एकच सोंग केलं, साध्या तोंडाच्या बाईचं. ते नाचलं तेव्हा कुठे चैत्र सरला. आवाज गेले का, असं कोणीतरी त्याला विचारलं. "हायत की," तो म्हणाला. "पर त्यांच्यानं कुठं पटाशी धरवते? ती मीच धरतो."

जान्या म्हातारा होऊन मेला.

अजूनही हेदपाड्यात बोहाड्याच्या दिवशी सगळं गाव जमतं, ढोल गळ्यात अडकवलेले असतात, पण लगेच वाजत नाहीत. कारभारी आधी सोंग घडवणाऱ्यासमोर जातो, मग गावात ज्या कोणाला मनाचं दुखणं असेल त्याच्यासमोर जातो, आणि खाली बसून विचारतो, "जेवलास का? झोप लागते का?" उत्तर येईपर्यंत तो उठत नाही. कोणी नाही म्हणालं तर बोहाडा त्या दिवशी होत नाही. असं एकदोनदा झालं आहे. माणसं ढोल उतरवून घरी गेली, आणि देवी रागावल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.