परतीचा ठोका

नदी जिथे डोंगराला वळसा घालते, तिथे वळणघाट नावाचं एक गाव होतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि मधे जेवढी जागा उरली तेवढ्यात माणसं. त्या गावात हैबती नावाचा एक जुना शिपाई राहत होता. राहत होता, असं आपलं म्हणायचं. लढाई संपवून त्याला घरी येऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्याची थोरली बहीण भिवराअक्का शेजारणींना सांगायची, "भाऊ माझा आला गं, पण अजून पोचला नाही."

हैबती राजाच्या फौजेत नगारा वाजवायचा. आता तुम्ही म्हणाल, नगारा बडवणाऱ्याला कसली आलीय लढाई? तलवार दुसऱ्याच्या हातात, घाव दुसऱ्याच्या अंगावर, हा आपला मागे उभा. अहो, तेच तर! तेच त्याला आतून पोखरत होतं.

फौजेत ठोके दोन. पुढे जायचा ठोका जलद, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. परतीचा ठोका संथ. दोनदा वाजवायचं, थांबायचं, पुन्हा दोनदा. ज्या म्हाताऱ्या उस्तादानं हैबतीला नगारा शिकवला, त्यानं पहिल्या दिवशी परतीचाच ठोका शिकवला होता. तो म्हणाला होता, "पुढे जा म्हणून सांगणारे ढीगभर असतात पोरा. मागे बोलावणारा एखादाच असतो."

मग ती लढाई झाली. उन्हाळ्याचे दिवस, माळ कोरडा ठणठणीत. घोडे दौडले आणि पांढरा धुरळा असा उठला की हातभरावरचं दिसेना. सरदारानं बजावून ठेवलं होतं, "मी भाला खाली केला की परतीचा ठोका दे." हैबती भाल्याची वाट बघत पुढे जायचा ठोका वाजवत राहिला. सरदार केव्हाच पडला होता, हे त्याला कोण सांगणार? सोबतचे गडी एकेक करून त्या धुरळ्यात शिरले. त्यांच्यात त्याचा जिवलग सिदूही होता. तो नेहमी थट्टेनं म्हणायचा, "हैबत्या, तुझ्या ठोक्याबिगर माझा पायच उचलत नाही बघ." धुरळा खाली बसला तेव्हा माळावर उभा असा एकटा हैबतीच होता.

तेव्हापासून त्यानं नगारा माळ्यावर पालथा घातला आणि वर गोणपाट टाकलं. गावात लग्नाची हलगी वाजली की हा कान झाकून डोंगरात पळायचा. जेवताना घास हातात धरून बसायचा. डोळे उघडे, पण नजर कुठल्या कुठे. अक्का म्हणायची, "जेव रे बाबा, भाकर निवली." तो म्हणायचा, "हूं." आणि तसाच बसायचा. गावातल्या टवाळांनी त्याचं नाव मुकानगारा ठेवलं होतं. गावाला नाव ठेवायला कधी उसंत नसते असं झालंय का?

आता त्या गावची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. थंडी पडली की गावच्या बाया त्या वाळूत कलिंगडाचे वेल लावायच्या. रोज पहाट फुटता फुटता डोंगे वल्हवत बेटावर जायचं, वेलांना पाणी घालायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. पण वळणघाटचं धुकं मोठं लबाड. चांगलं लख्ख फटफटलेलं असायचं, आणि बघता बघता पाण्यातून वाफ उठून घाट, बेट, डोंगर सगळं गिळून टाकायची. खालच्या अंगाला खडकांची रांग होती. तिला करवत म्हणत. धुक्यात वाट चुकलेला डोंगा धारेला लागून करवतीवर गेला, की संपलं.

म्हणून धुकं पडलं की घाटावर कुणीतरी ठोका द्यायचा. संथ ठोका म्हणजे इकडे या. जलद ठोका म्हणजे इकडे धोका आहे, लांब जा. शेवटचा डोंगा लागेपर्यंत ठोका देणाऱ्यानं थांबायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्याचा मान असा की मोसमातलं पहिलं कलिंगड त्याच्या घरी जायचं. कान्हूआबा भोई आयुष्यभर तांब्याचं घंगाळ वाजवून हे काम करत आला होता. पण यंदा आबाचा खांदा पार कामातून गेला. थंडीच्या सुरुवातीलाच तो हैबतीच्या ओट्यावर येऊन टेकला.

"हैबती, माझं घंगाळ आता पाण्याच्या मध्यापर्यंत पोचत नाही रे. तुझा नगारा घाटावर आण."

"नाही आबा," हैबती म्हणाला. "माझ्या हाताला यश नाही. हा हात वाजला की माणसं जातात."

"अरे, कातड्याला काय कळतंय? धाडायचं की बोलवायचं, हे वाजवणारानं ठरवायचं."

हैबती उठून घरात गेला. आबा गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि खोकत खोकत निघून गेला.

मग पौषात ती सकाळ आली. बाया निघाल्या तेव्हा आभाळ पुसल्यासारखं स्वच्छ होतं. डोंगे अजून बेटाला लागायचे होते, तोच पाण्यानं श्वास सोडावा तसं धुकं उठलं. असं दाट धुकं जुन्या माणसांनीही पाहिलं नव्हतं. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरतायत की आभाळात चढतायत, हेही कळेना. सगळा गाव स्वप्नात असल्यासारखा पांढरा आणि गप्प झाला. त्या गप्पपणात आबाच्या घंगाळाचा आवाज तेवढा येत होता, तोही धाप लागलेला. टण्ण... टण्ण... आणि मग तोही थांबला.

हैबती चुलीपाशी बसला होता. ठोका थांबला तसा तो ताडकन उठला. अक्का पाण्यावर होती. ज्या अक्कानं आईमागे त्याला वाढवलं, परत आल्यावर एका शब्दानं कधी विचारलं नाही की तू एकटाच कसा वाचलास, ती अक्का. त्यानं दाराबाहेर पाहिलं. बाहेर तोच पांढरा धुरळा होता. पाय जमिनीला खिळले. "नको रे देवा," तो पुटपुटला. "पुन्हा नको." आणि असं म्हणता म्हणताच तो माळ्यावर चढला.

नगारा डोक्यावर घेऊन तो घाटावर पोचला. आबा पायरीवर खांदा धरून बसला होता, घंगाळ बाजूला कलंडलं होतं. हैबतीनं टिपऱ्या उचलून पहिला ठोका दिला, तर आवाज काय? भिजल्या घोंगडीवर काठी मारावी तसा! इतक्या वर्षांची सर्दी धरलेलं कातडं, ते बोलणार कसं? घाटावर जमलेली म्हातारीकोतारी धावली. कुणी शेगडी आणली, कुणी चुलीतली धगधगती गोवरी चिमट्यात धरून आणली. सगळ्यांनी नगारा शेकला. कातडं ताणलं, तापलं, आणि हैबतीनं पुन्हा टिपरी घातली. सारा घाट दणाणला.

पण हाताची सवय वाईट हो! डोळ्यांपुढे पांढरं, कानांत नगारा, आणि हैबतीचे हात आपसूक जुन्या वाटेला लागले. लाह्या फुटायला लागल्या. पुढे जायचा ठोका! त्याला वाटलं, तो माळावर उभा आहे, सिदू वळून हसतोय आणि चाललाय.

"अरे हैबती!" आबा ओरडला. "जलद वाजवतोयस! पोरी लांब चालल्या! करवतीकडे चालल्या!"

खरंच धुक्यातून वल्ह्यांचा आवाज येत होता, तो दूर दूर जात होता. बायांनी रीतीप्रमाणे ऐकलं होतं. इकडे धोका आहे, लांब जा. हैबतीच्या टिपऱ्या थांबल्या. पुन्हा तेच! पुन्हा आपल्याच हातांनी माणसं धाडली! टिपऱ्या फेकून डोंगरात पळावं, असं त्याच्या मनात आलं. पण पळाला असता, तर अक्का कुणाच्या ठोक्यावर परतली असती? त्यानं दोन्ही हात हवेत धरले आणि जलद ठोक्याचा घुमारा पुरता विरेपर्यंत तसेच धरून ठेवले. कुठला भाला खाली व्हायची आता वाट बघायची नव्हती. मग लढाईत जो एकदाही वाजवता आला नाही, तो ठोका त्यानं दिला.

दोनदा. थांबला. पुन्हा दोनदा.

"या," तो ठोक्याबरोबर म्हणत होता. "या... परत या..." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याला पुसायची शुद्ध नव्हती. वल्ह्यांचा आवाज अडखळला. मग वळला. मग हळूहळू जवळ यायला लागला.

धुक्यातून पहिली सावली निघाली. हैबतीला वाटलं, फौजेतला कुणी गडी आला. सावली पायरीवर चढली, तर ती कुंभाराची सून होती, ओल्या लुगड्यानं कुडकुडत. दुसरी सावली आली, तिसरी आली. प्रत्येकीत त्याला आधी एकेक ओळखीचा सोबती दिसायचा. तो सोबती त्याच्याकडे बघून मान हलवायचा, आणि मग त्याच्या जागी गावातली कुणीतरी बाई "आले गं बाई!" म्हणत घाटावर बसकण मारायची. सर्वांत शेवटी एक सावली घोटाभर पाण्यातून चालत आली, डोक्यावरचं फडकं एका बाजूला कलंडलेलं. सिदूचं मुंडासं असंच कलंडायचं. हैबती वाजवतच राहिला. सावली अगदी जवळ आली, तिनं त्याचं मनगट धरलं.

"बास रे राजा," भिवराअक्का म्हणाली. "सगळ्या आलो. कुणी मागं राहिलं नाही."

हैबतीच्या हातातून टिपऱ्या गळाल्या. एवढा थोराड शिपाईगडी, पण बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडला. तिकडे बघून टवाळांनीही डोळे पुसले, आणि मुकानगारा हे नाव त्या दिवशी नदीत बुडालं ते बुडालंच.

एका सकाळीत माणूस बरा होतो, असं मी सांगणार नाही. तसं सांगणारे थापा मारतात. हैबतीला पुढेही वाईट स्वप्नं पडायची, जेवताना घास कधी कधी हातात राहायचा. पण धुकं पडलं की तो आधी नगारा शेकायला बसायचा, कारण पाण्यावर कुणीतरी असायचं आणि त्याला घरी यायचं असायचं. हळूहळू घास तोंडापर्यंत जाऊ लागला. लग्नाची हलगी वाजली की तो ओट्यावर बसून ऐकू लागला, आणि हलगीवाला चुकला तर अक्काजवळ कुरकुरूही लागला.

चैत्रात मोसमातलं पहिलं कलिंगड बाया वाजतगाजत त्याच्या दारी घेऊन आल्या. हैबतीनं ते कापलं आणि पहिली फोड कान्हूआबाला दिली. आबा बिया थुंकत म्हणाला, "एक विचारू का रे? शेवटचा डोंगा लागल्यावरही तू थोडा वेळ वाजवत असतोस. ते कुणासाठी?"

हैबती नदीकडे बघत म्हणाला, "माझे काही गडी अजून धुरळ्यात आहेत आबा. ऐकत असतील, तर त्यांनाही वाट सापडू दे."

अक्कानं हैबतीच्या हातात फोड दिली. त्यानं ती पुरती खाल्ली, साल टाकून दिली आणि आणखी एक मागितली. अक्का आत वळली आणि शेजारणीच्या कानात हळूच म्हणाली, "पोचला गं बाई, माझा भाऊ पोचला."

तात्पर्य: मनातली जखम एकट्यानं कुरवाळून भरत नाही. ज्या हातांनी गमावलं, तेच हात दुसऱ्याला घरी आणण्यासाठी राबू लागले, की त्या वाटेनं माणूस स्वतःही घरी पोचतो.